बॅ. नाथ पै : वेंगुर्ल्याचा खासदार आणि घटनादुरुस्तीचं अधुरं राहिलेलं विधेयक

बॅरिस्टर नाथ पै म्हटलं की कोकणातल्या जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवतात त्यांची भाषणं. मग गोव्याचा प्रश्न, बेळगावचा सीमालढा आणि कोकण रेल्वेची मागणी. पण दिल्लीत आणि कायद्याच्या पुस्तकांत त्यांचं नाव आजही घेतलं जातं ते वेगळ्याच कारणाने. १९६७ साली त्यांनी लोकसभेत मांडलेलं घटनादुरुस्तीचं एक विधेयक देशभर ‘नाथ पै विधेयक’ म्हणूनच ओळखलं गेलं. ते विधेयक काही मंजूर झालं नाही. तरी पुढच्या दहा-बारा वर्षांत घटनेत जे काही घडलं-बिघडलं, त्याची सुरुवात शोधत गेलं की या विधेयकापाशी यावं लागतं. कुळाची जमीन आणि माणसाचं स्वातंत्र्य, दोन्ही त्यात गुंतलं होतं.

वेंगुर्ला ते लंडन

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळा मुलूख रत्नागिरीत मोडायचा. शिक्षणासाठी ते बेळगावला गेले आणि त्या शहराशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत उडी घेतली, तुरुंगवास भोगला. पुण्यात पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीतही ते रमले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष झाले. एका कोकणी माणसासाठी त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. ऑस्ट्रियातल्या क्रिस्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

लंडनला राहिलेल्या बॅरिस्टरला मुंबई-दिल्लीत वकिलीत पैसा कमी नव्हता. पै मात्र राजकारणात आले, तेही प्रजा समाजवादी पक्षासारख्या सत्तेपासून दूर असलेल्या पक्षातून. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९६२ आणि १९६७ लाही तिथूनच निवडून आले. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालणारी घरं, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, तुकड्या-तुकड्यांची भातशेती, असा हा मतदारसंघ. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६० च्या संपातही ते पुढे होते.

खोत, कूळ आणि नववं परिशिष्ट

नाथ पैंचं विधेयक समजून घ्यायचं तर आधी जमिनीचा विषय समजून घ्यावा लागतो.

रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत. सारा गोळा करणारा तोच, गावात शब्द चालणारा तोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्यासाठी विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्ष कायदा व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९४९ चा खोती नाहीशी करण्याचा कायदा, या दोन कायद्यांनी कोकणातल्या कसणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीन आली.

पण २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि एक पेच उभा राहिला. घटनेने प्रत्येक नागरिकाला मूलभूत हक्क दिले. बोलण्याचा, फिरण्याचा, समानतेचा हक्क त्यात होता, तसाच मालमत्तेचाही होता. जमीनदार हा हक्क घेऊन कोर्टात गेले. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द केला. एका राज्यात हे झालं म्हटल्यावर बाकीच्या राज्यांतले कायदेही धोक्यात आले.

म्हणून घटना लागू होऊन दीड वर्षही व्हायच्या आत, १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने नववं परिशिष्ट नावाची एक यादी घटनेला जोडली. या यादीतल्या कायद्याला मूलभूत हक्काचा भंग होतो म्हणून रद्द करता येणार नाही, असं ठरलं. यादीत सुरुवातीला १३ कायदे होते. त्यांत मुंबईचा कूळकायदा होता आणि खोती रद्द करण्याचा कायदाही होता. म्हणजे आज कोकणात ज्या घरांच्या सातबाऱ्यावर कूळ म्हणून लागलेलं नाव पुढे मालक झालं, त्या नावामागे तलाठ्याची नोंद आहे, कायदा आहे आणि त्या कायद्याला राखणारी एक घटनादुरुस्तीही आहे.

हीच पहिली दुरुस्ती दुधारी होती हेही सांगायला हवं. तिने सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट मोकळी केली, जमीनसुधारणा वाचवल्या. त्याच वेळी भाषणस्वातंत्र्यावर सरकार कोणत्या कारणांनी बंधन घालू शकतं, ती कारणंही वाढवली. एकाच कागदाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने थोडं काढूनही घेतलं.

सहा विरुद्ध पाच

संसदेला मूलभूत हक्कात बदल करता येतो का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा १९५१ सालीच आला. कोर्टाने होय म्हटलं. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे घातले. त्यावर १९६५ साली पुन्हा खटला झाला. सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. बहुमताने पुन्हा उत्तर आलं, संसदेला अधिकार आहे. पण पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी, हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी, शंका नोंदवली. घटनेची काही मूळ वैशिष्ट्यं अशी असतील का, की ज्यांना हात लावणं म्हणजे दुरुस्ती न राहता नवी घटनाच लिहिणं होईल, हा सवाल मुधोळकरांनी तेव्हाच करून ठेवला.

मग आला गोलकनाथ खटला. पंजाबमधल्या जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची सुमारे ५०० एकर जमीन होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे त्यातली बरीचशी जादा ठरली. कुटुंब सुप्रीम कोर्टात गेलं. ११ न्यायमूर्ती बसले आणि २७ फेब्रुवारी १९६७ ला सहा विरुद्ध पाच अशा फरकाने निकाल लागला. यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी किंवा काढून घेणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असं सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या बाजूने ठरलं. आधीच्या दुरुस्त्या मात्र तशाच राहू दिल्या, त्यामुळे वाटलेल्या जमिनी परत गेल्या नाहीत. गोलकनाथ कुटुंबालाही त्यांची जमीन मिळाली नाही. पण पुढची दारं बंद झाली होती.

शुक्रवारचं विधेयक

नाथ पैंना हा निकाल पटला नाही. सहाच आठवड्यांत, ७ एप्रिल १९६७ ला, त्यांनी लोकसभेत विधेयक मांडलं. मागणी साधी होती. घटनेचं कलम ३६८ दुरुस्त करा आणि त्यात स्पष्ट लिहा की संसदेला ठरलेल्या पद्धतीने घटनेचं कुठलंही कलम बदलता येतं, मूलभूत हक्कांचंसुद्धा.

आज वाचताना कोणालाही प्रश्न पडेल. तुरुंग भोगलेला, स्वातंत्र्यावर जीव टाकणारा माणूस संसदेच्या हाती एवढा अधिकार का मागत होता? त्यांची भूमिका समजायला त्यांचा मतदारसंघ डोळ्यांपुढे आणावा लागतो. पैंचं म्हणणं असं होतं की घटना ही लोकांची आहे आणि लोकांचा आवाज निवडून आलेल्या संसदेतून येतो. मालमत्तेचा हक्क अढळ ठेवला तर ज्याच्याकडे आधीच आहे त्याचंच रक्षण होईल, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला घटनेच्या मार्गाने काही मिळण्याची वाट बंद होईल. आणि कायद्याची वाट बंद झाली की माणसं दुसऱ्या वाटा शोधतात, ही भीतीही त्यामागे होती.

विरोध तगडा होता. स्वतंत्र पक्ष मालमत्तेच्या हक्कासाठी उभा होता. समाजवादी मंडळींतही दोन मतं पडली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आज जमीनदारासाठी वापरलेला अधिकार उद्या टीकाकारासाठी वापरला तर? आजची संसद चांगली असेल, उद्याची तशीच असेल याची हमी कोण देणार? दोन-तृतीयांश बहुमत एका पक्षाच्या खिशात आलं की मग माणसाचं स्वातंत्र्य उरणार कशाच्या भरवशावर?

नाथ पै मंत्री नव्हते, विरोधी बाकावरचे खासदार होते. त्यांचं विधेयक खासगी विधेयक. अशा विधेयकांना लोकसभेत शुक्रवारच्या कामकाजातले शेवटचे अडीच तास मिळतात. त्यामुळे चर्चा आठवड्या-आठवड्यांच्या तुकड्यांनी व्हायची. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, पुन्हा चर्चा झाली. सरकारने नाही म्हटलं नाही, पण नेटाने पुढेही नेलं नाही. घटनादुरुस्तीला सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. सरकारने कंबर कसल्याशिवाय ते जमणं शक्य नव्हतं.

दरम्यान बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा आदेश डिसेंबर १९७० मध्ये रद्द झाला. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभाच बरखास्त झाली आणि तिच्याबरोबर नाथ पै विधेयकही संपलं.

बेळगावची शेवटची सभा

हृदयविकाराने नाथ पैंना ग्रासलं होतं. डॉक्टरांचा सल्ला विश्रांतीचा, पण निवडणूक तोंडावर होती. १७ जानेवारी १९७१ ला ते बेळगावात होते. १९५६ साली याच तारखेला सीमाभागातल्या मराठी माणसांवर गोळीबार झाला होता, म्हणून दरवर्षी तिथे हुतात्मा दिन पाळतात. त्या सभेत ते बोलले आणि त्याच रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १८ जानेवारी १९७१ ला त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ४८. विधेयक संपून पुरता महिनाही झाला नव्हता.

त्यांच्या जागी राजापुरातून मधू दंडवते उभे राहिले आणि निवडून आले.

जे मागितलं ते मिळालं, जे घाबरवत होतं तेही घडलं

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. संसदेला घटनेचं कोणतंही कलम बदलता येईल, असं तिने कलम ३६८ मध्ये लिहिलं. नाथ पै जे मागत होते, ते जवळजवळ तसंच.

त्याला आव्हान मिळालं केशवानंद भारती खटल्यात. केरळमधल्या एका मठाची जमीन आणि १३ न्यायमूर्ती. ६८ दिवस सुनावणी चालली. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा फरकाने निकाल आला. संसदेला मूलभूत हक्कांसह कोणतंही कलम बदलता येईल, म्हणजे नाथ पैंचा मुद्दा मान्य झाला. पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, म्हणजे त्यांच्या विरोधकांची भीतीही कोर्टाने रास्त मानली.

ती भीती किती खरी होती हे कळायला फार वेळ लागला नाही. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेली. दुरुस्तीचा तो भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मूलभूत चौकटीचाच आधार घेऊन.

राजापूरचे खासदार मधू दंडवते आणीबाणी लागताच बंगळुरूत पकडले गेले. आपल्याला बेकायदा डांबलं आहे म्हणून ते आणि त्यांच्याबरोबरचे नेते कर्नाटक हायकोर्टात गेले. देशभरातली अशी प्रकरणं एकत्र होऊन सुप्रीम कोर्टात पोहोचली. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. आणीबाणीत जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क स्थगित असताना अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चौघांनी ठरवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. म्हणजे ज्या मतदारसंघाने संसदेचा अधिकार वाढवण्यासाठी झगडणारा खासदार दिला, त्याच मतदारसंघाचा पुढचा खासदार गजाआड होता आणि कोर्टाचं दार त्याच्यासाठी बंद होतं.

१९७६ च्या अखेरीस बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तेव्हा विरोधी पक्षाचे अनेक नेते तुरुंगात होते. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. संसदेने केलेल्या घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं लिहून टाकलं. संसदेच्या अधिकाराला मर्यादाच नको, इतक्या टोकाला गोष्ट गेली होती.

दुरुस्तीची दुरुस्ती

१९७७ च्या निवडणुकीत लोकांनी सरकार बदललं. दंडवते तुरुंगातून येऊन पुन्हा निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. त्या सरकारच्या काळात १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. नाथ पैंच्या लढ्याचे दोन्ही धागे याच दुरुस्तीत एकत्र येतात.

पहिला धागा मालमत्तेचा. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. तो आता कलम ३००-अ मध्ये आहे. म्हणजे सरकारला कुणाची जमीन घ्यायची तर कायद्याच्या आधारानेच घेता येते, नुसत्या हुकमाने नाही. महामार्गासाठी, धरणासाठी ज्यांची जमीन जाते त्यांनी हे कलम लक्षात ठेवायला हवं. कोर्टाची वाट बंद झालेली नाही.

दुसरा धागा स्वातंत्र्याचा. आणीबाणी असली तरी कलम २० आणि २१ चे हक्क आता स्थगित करता येत नाहीत. ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणावर आणीबाणी लावता येत नाही, सशस्त्र उठावच असावा लागतो. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं झाली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने कोर्टाला घातलेली बंदी उरली होती, ती सुप्रीम कोर्टाने १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द केली.

नवव्या परिशिष्टाचंही पुढे तसंच झालं. २४ एप्रिल १९७३ नंतर त्या यादीत घातलेला कायदाही मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल, असं नऊ न्यायमूर्तींनी २००७ साली ठरवलं. त्याआधीचे कायदे, म्हणजे आपला कूळकायदा आणि खोतीचा कायदा, तसेच सुरक्षित राहिले.

गावापर्यंत आलेल्या दुरुस्त्या

घटनादुरुस्ती म्हणजे दिल्लीतल्या वकिलांचा विषय, असं गावात वाटतं. पण १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, ते एकसष्टाव्या दुरुस्तीमुळे. २४ एप्रिल १९९३ ला त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाली. तिने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पंचायतीची निवडणूक दर पाच वर्षांनी बंधनकारक केली आणि महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखल्या. ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क आला २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने. घटना बदलताच येत नसती तर यातलं काहीही झालं नसतं. आणि ती कशीही बदलता आली असती तर १९७६ साली जे झालं ते तसंच राहिलं असतं.

नाथ पै आणीबाणी पाहायला उरले नाहीत. आपण मागितलेल्या अधिकाराचा असा वापर होताना पाहून ते कुठल्या बाजूला उभे राहिले असते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एवढं नक्की सांगता येतं की ते मागत होते ते बेजमीन माणसासाठी, आणि मागत होते लोकसभेत, भर चर्चेत, विरोधकांचं ऐकून घेत. बेचाळिसावी दुरुस्ती झाली तेव्हा नेमकी तीच चर्चा गायब होती.

मालवणचं बॅ. नाथ पै सेवांगण आज त्यांचं नाव चालवतं. जयंती-पुण्यतिथीला त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी निघतात, निघायलाच हव्यात. त्यासोबत शाळा-कॉलेजातल्या मुलांना हेही कळावं की देशाच्या घटनेतल्या एका मोठ्या वादाला वेंगुर्ल्याच्या माणसाचं नाव लागलेलं आहे. आणि घरातल्या जुन्या सातबाऱ्याशी त्या वादाचा थेट संबंध आहे.